शिल्लक म्हणजे कुणाची शिल्लक?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण तो मार्कांपुरता. घरी बोलतो मराठीच, पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब! त्यामुळे "मॅगझीनच्या मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल लिही" असं मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक प्रसंग असा घडला की तो मराठीतच सांगायला हवा. कारण त्यात चूक झाली होती ती मराठीची, आणि ती केली होती मी.

विषय तसा साधा आहे. डेटा ॲनालिटिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉलमला, आकड्याला, ग्राफला जी नावं दिसतात ती आपल्याला हवी तशी बदलता येतात. लॅबमध्ये आपण हे काम शेवटच्या पाच मिनिटांत, व्हायव्हाच्या आधी उरकतो. माझंही मत होतं की हा नुसता मेकअप आहे. आता ते मत राहिलं नाही.

प्रोग्राम बरोबर, शब्द चूक

माझे मामा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात दूध संस्थेचे सचिव आहेत. संस्था लहान. सकाळ-संध्याकाळ सभासद किटल्या आणि कॅन घेऊन येतात, दूध मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफ तपासलं जातं आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. मशीनमधून सगळा डेटा कॉम्प्युटरमध्ये येतो, पण मामांना हवा तसा रिपोर्ट काही निघत नव्हता. इंजिनिअरिंगला असलेली भाची सुट्टीला आलीच आहे, तर तिला कामाला लावू, असं त्यांनी ठरवलं. मलाही बरंच वाटलं. रेझ्युमेमध्ये एक ओळ वाढणार होती ना!

दोन दिवसांत मी एक डॅशबोर्ड केला, आणि सभासदांना देण्यासाठी छापील पावतीही. कॉलमची नावं डेटाबेसमध्ये होती तशीच ठेवली होती, म्हणजे क्यूटीवाय, एएमटी, डीईडी, बीएएल वगैरे. मामा म्हणाले, "अगं, हे इंग्रजी कोण वाचणार? मराठीत कर." मी नावं ऑनलाइन भाषांतराच्या खिडकीत टाकली. बीएएल म्हणजे बॅलन्स, बॅलन्स म्हणजे शिल्लक. काम खल्लास!

तिसऱ्या दिवशी पावत्या वाटल्या. गावात एक आजी आहेत, त्यांच्याकडे एकच म्हैस. त्यांच्या पावतीवर होतं: रक्कम ३,९०० रुपये, कपात १,०००, निव्वळ रक्कम २,९००, आणि शेवटच्या ओळीत शिल्लक ४,८५०. आजींनी शेजारच्या मुलाकडून पावती वाचून घेतली आणि सरळ बेरीज केली. २,९०० आणि ४,८५०, म्हणजे ७,७५०. नातीच्या होस्टेलचे ७,००० रुपये भरायचे राहिले होते. त्यांनी त्याच संध्याकाळी नातीला फोन करून सांगून टाकलं की पैसे उद्या पाठवते. आणि सकाळी संस्थेत पैसे घ्यायला आल्या.

ते ४,८५० रुपये संस्था आजींना देणार नव्हतीच. ती सरकी पेंडीची उधारी होती. म्हणजे ते पैसे आजींनीच संस्थेला द्यायचे होते.

मामांनी समजावून सांगितलं. आजी रागावल्या नाहीत. "कागदावर शिल्लक लिहिलंय म्हणून विचारलं बाळ," एवढंच म्हणाल्या. २,९०० रुपये मोजून घेतले, पिशवीत ठेवले आणि गेल्या. मी तिथेच बसले होते. कुणीतरी ओरडलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

माझा फॉर्म्युला एका पैशानेही चुकला नव्हता. एक्सटर्नलने तपासला असता तर पूर्ण मार्क मिळाले असते. चुकलं होतं ते एकच लेबल. सुट्टीचे उरलेले दिवस मी याच एका गोष्टीच्या मागे लागले. त्यातून जे समजलं ते खाली लिहिते आहे.

पाळण्यातलं नाव आणि हाक मारायचं नाव

आपल्याकडे एकाच माणसाला दोन-तीन नावं असतात. पाळण्यातलं एक, घरात हाक मारायचं दुसरं, आणि कॉलेजच्या यादीत तर नुसता पीआरएन नंबर. आई घरात पीआरएन नंबरने हाक मारत नाही आणि परीक्षा विभाग सोनू-मोनू लिहून घेत नाही. ज्याच्या त्याच्या जागी ज्याचं त्याचं नाव.

डेटामधल्या फील्डचंही तसंच आहे. त्याला निदान चार थर असतात.

पहिला थर म्हणजे फील्डचं आतलं नाव. हे डेटाबेस, क्वेरी आणि फॉर्म्युले वापरतात. हे एकदा ठेवलं की शक्यतो बदलायचं नाही, कारण त्याच्यावर दहा गोष्टी टांगलेल्या असतात.

दुसरा थर म्हणजे लेबल. हे माणसाला दिसतं. हे बदलायलाच असतं.

तिसरा थर म्हणजे किमतीची लेबलं. फील्डच्या आत जे कोड असतात त्यांना दिलेली नावं. आमच्या डेटात गाईसाठी सी आणि म्हशीसाठी बी होतं. मामांच्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "ताई, बी म्हणजे बैल होय?" आता बैलाचं दूध कोण काढणार! पण चूक त्याची नव्हती.

चौथा थर म्हणजे खुलासा आणि एकक. हा आकडा कसा काढला, कशात मोजला, कुठल्या तारखेपासूनचा. उदाहरणार्थ दूध लिटरमध्ये की किलोमध्ये? दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त असते, त्यामुळे एक लिटर दूध एक किलोपेक्षा थोडं जास्त भरतं. थेंबाथेंबाचा फरक दहा दिवसांत जाणवण्याइतका होतो. तेव्हा कॉलमवर नुसतं 'दूध' लिहून भागत नाही.

एसएनएफचंही तसंच. म्हणजे दुधातलं पाणी आणि फॅट सोडून उरलेला घन भाग, त्यात प्रथिनं, दुग्धशर्करा, क्षार वगैरे. पुष्कळ ठिकाणी तो थेट मोजत नाहीत, लॅक्टोमीटरचं रीडिंग आणि फॅट यांच्यावरून सूत्राने काढतात. गावात त्या रीडिंगला सगळे 'डिग्री' म्हणतात. मी मोठ्या हौसेने 'घनपदार्थ टक्केवारी' असं लेबल दिलं होतं, ते एकालाही कळलं नाही. 'एसएनएफ' आणि 'डिग्री' म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. थोडक्यात काय, चांगलं लेबल म्हणजे शुद्ध मराठी लेबल असं नाही. वापरणारा माणूस रोज जो शब्द तोंडाने उच्चारतो, ते चांगलं लेबल.

आतली नावं एवढी विचित्र का?

हा प्रश्न मला पहिल्या सेमिस्टरपासून पडायचा. 'मेंबर नंबर' असं सरळ लिहायचं सोडून लोक एमईएमएनओ का लिहितात? याचं कारण बरंचसं ऐतिहासिक आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावाला जागाच नसायची. डीबेसच्या डीबीएफ फाईलमध्ये फील्डचं नाव जास्तीत जास्त १० अक्षरांचं. नकाशांसाठी वापरली जाणारी शेपफाईल आपला तक्ता अजूनही डीबीएफमध्ये ठेवते, म्हणून तिथे ती मर्यादा आजही आहे. सिव्हिलच्या मित्रांना हे चांगलंच माहीत असेल! आकडेशास्त्राच्या एसपीएसएसमध्ये २००३ साली १२ वी आवृत्ती येईपर्यंत व्हेरिएबलचं नाव ८ अक्षरांत बसवावं लागायचं. पण गंमत बघा, त्याच एसपीएसएसमध्ये व्हेरिएबलला वेगळं लांब लेबल आणि प्रत्येक कोडला वेगळं लेबल द्यायची सोय फार आधीपासून होती. म्हणजे आतलं नाव वेगळं आणि दाखवायचं नाव वेगळं हा विचार जुनाच आहे.

त्याच्या मागचं तत्त्व तर आणखी जुनं. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा पेपर लिहिला. डीबीएमएसच्या पहिल्याच युनिटमध्ये आपण ते नाव पाठ करतो आणि विसरतो. त्या पेपरचा एक मुख्य मुद्दा असा होता की मशीनच्या पोटात डेटा कसा रचला आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये. पुढे १९९० साली फ्रान्समध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्स नावाची कंपनी सुरू झाली. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेस आणि माणूस यांच्या मध्ये एक थर होता, त्याला ते 'युनिव्हर्स' म्हणायचे. त्या थरात टेबल आणि कॉलमऐवजी 'ग्राहक', 'विक्री' असे कामातले शब्द दिसायचे, आणि खालची क्वेरी सॉफ्टवेअर स्वतः तयार करायचं. आज ज्याला सिमँटिक लेयर म्हणतात तो हाच.

कुठे काय बदलता येतं?

आता थोडं प्रॅक्टिकल. सबमिशनलाही उपयोगी पडेल.

एसक्यूएलमध्ये 'ॲज' लिहून कॉलमला टोपणनाव देता येतं. ते फक्त त्या निकालापुरतं असतं, मूळ टेबलला धक्का लागत नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये प्रत्येक फील्डला 'कॅप्शन' असतं, तेच लेबल.

एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये एक खाचखळगा आहे. मूळ तक्त्यातल्या कॉलमचं शीर्षक बदललं आणि पिव्हट रिफ्रेश केलं की ते फील्ड पिव्हटमधून गायब होतं. कारण पिव्हट त्याला नावानेच ओळखत असतं, आणि त्या नावाचा माणूस आता घरात नाही! म्हणून मूळ शीर्षक तसंच ठेवायचं आणि पिव्हटमध्ये दिसणारं नाव बदलायचं. तिथेही मूळ फील्डचं नाव जसंच्या तसं द्यायला गेलात तर ते नाव आधीच आहे असं एक्सेल सांगतं. शेवटी एक स्पेस टाकली की चालतं. ही युक्ती मला एका सीनिअरने शिकवली, पुढे पास करते आहे.

पॉवर बीआयमध्ये कॉलमचं नाव बदललं तर मूळ डेटाबेस तसाच राहतो. पॉवर क्वेरीमध्ये बदललं तर 'कॉलमचं नाव बदललं' अशी एक पायरीच नोंदली जाते. शिवाय एखाद्या ग्राफपुरतंच वेगळं नावही देता येतं. टॅब्लोमध्ये फील्डचं नाव बदलणं वेगळं आणि आतल्या किमतींना 'एलिअस' देणं वेगळं. सी ऐवजी गाय, बी ऐवजी म्हैस हे काम एलिअसचं. पण एलिअस फक्त वेगवेगळ्या गटांच्या डायमेन्शनला देता येतो, मोजमापाच्या आकड्यांना किंवा तारखांना नाही. मेटाबेस आणि अपाचे सुपरसेट ही दोन ओपन सोर्स सॉफ्टवेअर्स आहेत. त्यांत प्रत्येक कॉलमला दाखवायचं नाव आणि शेजारी खुलासा अशा दोन्ही जागा असतात. तो खुलासा बहुतेक जण रिकामा सोडतात. सोडू नका!

येणे की देणे?

आता मुख्य मुद्दा. आजींच्या पावतीवर मी 'शिल्लक' बदलून 'बाकी' करणार होते. म्हटलं, हा शब्द तर गावातलाच आहे. पण यावेळी घाई केली नाही. संस्थेत दूध घालायला आलेल्या पाच जणांना कागदावर 'बाकी ४,८५०' लिहून दाखवलं आणि विचारलं, हे पैसे कुणी कुणाला द्यायचे? तिघे म्हणाले सभासदाने संस्थेला, दोघे म्हणाले संस्थेने सभासदाला. म्हणजे पाचात दोघे चुकणार. मग 'येणे' लिहिलं. त्याने तर गोंधळ वाढला. कारण संस्थेचं येणे म्हणजे सभासदाचं देणे!

तेव्हा मला कळलं की काही शब्दांना स्वतःचा असा पूर्ण अर्थच नसतो. ते कुणाच्या वहीत लिहिलेत यावर अर्थ ठरतो. बँकेच्या पासबुकाचंच बघा. आपण पैसे भरले की पासबुकात 'जमा' म्हणजे क्रेडिट दिसतं. पण अकाउंट्स शिकलेला मित्र सांगेल की आपल्या स्वतःच्या वहीत बँकेतली रक्कम वाढली तर ती नावे, म्हणजे डेबिट बाजूला येते. दोघेही बरोबर. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे, आणि बँकेच्या दृष्टीने ते पैसे ती आपल्याला देणं लागते.

म्हणून एकाच फील्डला दोन लेबलं लागली. ऑफिसच्या रिपोर्टवर 'सभासदांकडून येणे, पशुखाद्य'. आणि सभासदाच्या पावतीवर 'पेंडीची उधारी, अजून तुम्ही द्यायची'. आतलं नाव तेच जुनं बीएएल. आकडा तोच. वाचणारा बदलला की लेबल बदललं. हे लेबल लांब आहे, कॉलममध्ये दोन ओळी घेतं, दिसायला काही खास नाही. पण ते वाचून कुणी होस्टेलला फोन करणार नाही.

मोठ्या लोकांच्याही चुका होतात

माझ्यासारख्या नवशिकीचंच असं होतं असं समजू नका. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचता पोचता नष्ट झालं. कारण काय, तर जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं आणि घेणारं सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंदांत आहेत असं धरून चाललं होतं. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटीचा फरक. दोन्हीकडचं गणित आपापल्या जागी चालू होतं, आकड्याच्या एककाचा मेळ मात्र कुणी घातला नव्हता.

दुसरं उदाहरण जीवशास्त्रातलं. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च-१, सेप्ट-१ अशी होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की एक्सेल त्यांना तारीख समजायचं आणि जनुकाची १ मार्च, १ सप्टेंबर होऊन जायची! संशोधकांच्या कितीतरी तक्त्यांत हा घोळ सापडला. शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलल्याचं जाहीर केलं, मार्च-१ चं मार्चएफ-१ आणि सेप्ट-१ चं सेप्टिन-१. २०२३ साली एक्सेलमध्ये हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय आली. तोवर माघार जनुकांनी घेतली होती.

तिसरं उदाहरण वेबसाईटवाल्यांचं. गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या पद्धतीत 'बाउन्स रेट' म्हणजे एकच पान बघून निघून गेलेल्या भेटींचं प्रमाण. १ जुलै २०२३ पासून ती जुनी पद्धत साधारण सगळ्यांसाठी बंद झाली. नव्या पद्धतीत 'बाउन्स रेट' हाच शब्द आहे, पण अर्थ वेगळा. आता एखादा माणूस एकाच पानावर दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला तरी ती भेट बाउन्समध्ये धरत नाहीत. म्हणजे जुना आणि नवा आकडा एकाच ग्राफवर ठेवला तर वेबसाईट एकदम सुधारली असं वाटेल, आणि प्रत्यक्षात सुधारलेली असेल फक्त व्याख्या. याउलट २०२४ साली गूगलने तिथला 'कन्व्हर्जन' हा शब्द बदलून 'की इव्हेंट' केला, कारण जाहिरातींच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कन्व्हर्जन' वेगळ्या तऱ्हेने मोजलं जायचं आणि दोन्हीकडचे आकडे जुळत नसत. दोन गोष्टी वेगळ्या असतील तर नावंही वेगळी हवीत, हे त्यांनाही उशिरा का होईना पटलं.

मराठीची स्वतःची गंमत

इंग्रजी लेबलं मराठीत करताना काही अडचणी अशा येतात की त्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडत नाहीत.

एक, सॉफ्टवेअर स्वतः शीर्षकं तयार करतं, 'सम ऑफ अमाउंट' सारखी. साचा ठरलेला, त्यात फील्डचं नाव चिकटवायचं. मराठीत हे चालत नाही. 'रक्कम ची बेरीज' असं आपण बोलत नाही, 'रकमेची बेरीज' म्हणतो. 'महिना नुसार' नाही, 'महिन्यानुसार'. 'शेतकरी ची संख्या' नाही, 'शेतकऱ्यांची संख्या'. प्रत्यय लागला की शब्दच आतून बदलतो. शाळेत बाई सामान्यरूप शिकवायच्या तेव्हा मी शेवटच्या बाकावर चित्रं काढायचे, त्याची भरपाई आता केली! यावर उपाय एकच. साच्यावर विसंबायचं नाही, प्रत्येक शीर्षक पूर्ण हाताने लिहायचं.

दोन, क्रम. महिन्यांची नावं मराठीत केली आणि अक्षरक्रमाने लावली तर एप्रिलनंतर ऑक्टोबर येतो आणि मग ऑगस्ट. आमच्या रिपोर्टमध्ये तर संध्याकाळचं दूध सकाळच्या आधी आलं. युनिकोडच्या क्रमात अनुस्वार 'क' च्या आधी येतो, म्हणून 'संध्याकाळ' हा शब्द 'सकाळ'च्या वर बसला. म्हणून क्रमासाठी वेगळा आकड्यांचा कॉलम ठेवायचा आणि लेबल फक्त दाखवायला वापरायचं.

तीन, सर्वात छुपा शत्रू. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तरी ते एक होत नाहीत. मामांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेलं आणि मी लॅपटॉपवर टाइप केलेलं लेबल जुळेना, एकाच नावाचे दोन गट दिसत होते. अर्धा दिवस गेला शोधण्यात. धडा असा की लेबल हे किल्ली म्हणून कधीही वापरायचं नाही. टेबलं जोडायची ती आतल्या कोडवरूनच.

चार, आकडे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मोठा आकडा दिसला की के आणि एम लावतात, म्हणजे हजार आणि दशलक्ष. वर्षाच्या उलाढालीचा ग्राफ बघून एक संचालक म्हणाले, "एम म्हणजे म्हैस का?" हसू नका, त्याच रिपोर्टमध्ये एका कोपऱ्यात एम म्हणजे मॉर्निंग होतं! शेवटी सगळं लाखात केलं आणि स्वल्पविराम आपल्या पद्धतीने दिले, १२,३४,५६७ असे.

मग करायचं काय?

माझ्या अनुभवातून सहा गोष्टी सांगते. बी.ई. प्रोजेक्टला निघालेल्यांनी तरी जरूर करा.

१. आतल्या नावाला हात लावू नका. बदलायचं ते दिसणारं नाव बदला.

२. नावांची एक वही करा. साधी एक्सेल शीट पुरते. आतलं नाव, दाखवायचं नाव, एकक, एका वाक्यात अर्थ, कुणासाठी आणि कुठल्या तारखेपासून. अर्थ बदलला तर जुनी ओळ पुसू नका, खाली नवी लिहा.

३. नाव ठरवताना कोश उघडण्याआधी काउंटरवर जाऊन बसा. लोक काय म्हणतात ते ऐका. 'पशुखाद्य अग्रिम वसुली' असं कुणी म्हणत नाही, 'पेंडीचे कापले' म्हणतात.

४. पैशाच्या लेबलमध्ये कुणी कुणाला द्यायचे हे स्पष्ट लिहा. शब्द लांब झाला तरी चालेल.

५. वाचणारे दोन प्रकारचे असतील तर लेबलंही दोन करा. आकडा मात्र एकाच फील्डमधून येऊ द्या, नाहीतर उद्या दोन आकडे होतील.

६. लेबल तपासताना "समजलं का?" असं विचारू नका. आपल्याकडे या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात. आपणही लेक्चरला तेच करतो! त्याऐवजी कागद हातात द्या आणि विचारा, "हे बघून तुम्ही आता काय कराल?" त्या उत्तरात सगळं कळतं.

मी भाषांतराच्या खिडकीत टाकलेला 'शिल्लक' हा शब्द कोशाप्रमाणे चूक नव्हता. बॅलन्स म्हणजे शिल्लक, बरोबरच आहे. पण मशीनला आजी माहीत नव्हत्या. मला माहीत होत्या, रोज समोरून किटली घेऊन जायच्या, आणि तरी मी त्यांना एका वाक्याने विचारलं नाही. हे दुःख जास्त आहे.

होस्टेलने पुढच्या बिलापर्यंत मुदत दिली, तेव्हा नातीचं काही अडलं नाही. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी पुढच्या दहा दिवसांच्या नव्या पावत्या निघाल्या. आजी आल्या. यावेळी मी स्वतः पावती हातात दिली आणि विचारलं, "आजी, यातले तुम्हाला मिळणार किती?" त्यांनी त्या शेजारच्या मुलाकडून ओळ वाचून घेतली, बोट ठेवलं बरोबर त्या आकड्यावर आणि म्हणाल्या, "एवढे. आणि हे खालचे तुमचे माझ्याकडे. फिटतील हळूहळू."

एक्सटर्नलपुढे मी पुष्कळ वेळा व्हायव्हा दिली आहे. पण एवढी धडधड मला कधी झाली नव्हती.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी